जावळ कुणाच्या दारी

सासूची नजर चुकवणं जयाला आता जमू लागलं होतं. देवाची नजर कशी चुकवायची, ते मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. बरं, देव एकच असता तर एक वेळ निभावलं असतं. तिच्या पोराच्या डोक्यावरच्या केसांवर दोन देवांचा हक्क लागला होता, आणि त्यातल्या एकाचा पत्ताच तिच्याकडे नव्हता.

पोराचं नाव मल्हार. तिसरं वर्ष सरत आलं तरी जावळ निघालेलं नव्हतं, म्हणून केस पाठीवर रुळत होते. कळंबपासून जरा आत त्यांची वस्ती. वाटेवरचा कुणीही थांबून 'पोरगी का?' असं विचारायचा आणि जया मान खाली घालून पुढे जायची. जावळ एकदाच निघतं. पहिला वस्तरा ज्या देवाच्या दारात लागतो, त्याच्या पदरात पोर घातलं असं आपण मानतो. दुसऱ्या देवाला द्यायला मग काही उरत नाही. नंतर उगवतात ते नुसते केस.

घोळ झाला तो मल्हार सहा महिन्यांचा असताना. त्याची छाती भरली आणि मंचरच्या एका दवाखान्यात त्याला नाकात नळी घालून ठेवलं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत काही बोलता येणार नाही. जयाचा नवरा गोरख औषधं आणायला खाली गेला तो जिन्यातच बसून राहिला. इकडे घरी सासूने, कुशाबाईंनी, देव्हाऱ्यापुढे भंडारा उधळला आणि वडजच्या खंडोबाला नातवाचं जावळ बोलून टाकलं. जयाला हे माहीत नव्हतं. ती मल्हारच्या खाटेजवळ उभी होती. शेजारच्या खाटेवर तेवढंच दुसरं एक बाळ होतं आणि त्याच्यापाशी त्याची आजी. केस पांढरे, कपाळ मोकळं. त्या बाईने एक हात आपल्या नातवाच्या खाटेवर ठेवला, दुसरा मल्हारच्या, आणि डोळे मिटले. कुणाला सांगताय, असं जयाने विचारलं. बाई म्हणाली, येशूला. मग जयानेही डोळे मिटले आणि मनात म्हटलं, तू जो कुणी असशील तो ऐक, माझं लेकरू राहू दे, याचं जावळ तुझ्या दारात आणून देईन.

दिवस मावळायच्या आत मल्हारने डोळे उघडले आणि दुधासाठी भोकाड पसरलं. त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं, चार दिवसांनी घरी आणलं. शेजारच्या बाळाचं पुढे काय झालं, हे जयाने विचारलं नाही. आपलं लेकरू हातात परत आलं की शेजारची खाट दिसत नाही, कुणालाच दिसत नाही.

घरी आल्यावर कुशाबाईंनी आपला नवस सांगितला. आपलाही सांगावा, असं जयाच्या मनात बरेचदा आलं. पण गोरखचा चुलतभाऊ भगवंत ओट्यावर चहा पिताना मोबाइलवर काहीबाही दाखवायचा, अमक्या गावात अमकं घर बाटलं, त्यांचं पाणी तोडलं पाहिजे, असं म्हणायचा, आणि गोरख मान डोलवायचा. जयाने तोंड शिवून घेतलं. जावळाचा विषय निघाला की पोराला खोकला आहे, माझ्या भावाला सवड नाही, असं करत तिने दोन वर्षं ढकलली. यंदा मात्र कुशाबाईंनी कुणालाच विचारलं नाही. मार्गशीर्षातला एक रविवार धरला, बोकड सांगून ठेवला, आणि जयाच्या भावाला, भरतला, परस्पर फोन करून मामाच्या मांडीवर पोर बसवायचं म्हणून बोलावणं धाडलं. मधे थोडेच रविवार उरले होते. रविवार खंडोबाचा वार, आणि नेमका त्या दुसऱ्याचाही वार तोच.

त्याच आठवड्यात मल्हारला पुन्हा कसकस आली. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली आहे, सगळ्याच पोरांना आहे. जयाला ते पटलं नाही. तिला वाटलं, तो दुसरा देव आठवण करून देतोय.

जया ब्लाउज शिवायची. अस्तर आणि दोरे आणायला जाते, असं सांगून ती पहिल्या रविवारी मल्हारला घेऊन जीपमध्ये बसली आणि नारायणगावला उतरली. बायपासच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती; पूर्वी तिथे द्राक्षांची खोकी ठेवत. तिथे दर रविवारी येशूची प्रार्थना चालते, असं तिने बाजारात ऐकलं होतं. शटरवर नाव नव्हतं. ती आत गेली. दवाखान्यातल्या बाईसारखं डोळे मिटून गप्प बसलेलं कुणीतरी दिसेल, असं तिला वाटलं होतं. इथे तर जागर चालला होता. कीबोर्ड, ढोलकी, माइक, हात वर करून रडणारी माणसं. देव कुठे म्हणून बघावं तर देव नाही, फक्त लाल पडदा आणि त्यावर चिकटवलेली अक्षरं.

एवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक बाई थरथरू लागली. तिचा अंबाडा सुटला, तोंडातून न कळणारे शब्द येऊ लागले. आणि काय सांगावं, जयाला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. हे तिच्या ओळखीचं होतं. तिचं माहेर वर डोंगरात, भीमाशंकराच्या अंगाला. तिथे भगताच्या अंगात आलं की माणसं पुढे होऊन विचारतात, आणि विचारलं नाही तर देव रागावतो. जया वाट काढत पुढे गेली, मल्हारला त्या बाईच्या पायांवर घातलं आणि स्वतः डोकं टेकलं.

"आई, ह्या लेकराचं जावळ तुलाच बोलले व्हते का? तूच आसशील तर कौल दे."

बाईचं थरथरणं जागच्या जागी थांबलं. तिने डोळे उघडले, पाय मागे ओढून घेतले आणि ती शरमून इकडेतिकडे बघू लागली. ढोलकी थांबली, मग कीबोर्डही. सगळी शेड जयाकडे वळून बघत होती. मागे करकर आवाज झाला म्हणून तिने वळून पाहिलं, तर एक माणूस शटर अर्ध्यावर खाली ओढत होता. तिने मल्हारला उचलून छातीशी धरलं. आपण सापडलो, आता हे लोक आपल्याला सोडत नाहीत, असंच तिला वाटलं.

पांढऱ्या शर्टातला त्यांचा पास्टर जवळ आला. वयाने गोरखएवढाच असेल. आवाज मऊ होता पण हात जुळवताना त्याची नजर सारखी शटरकडे जात होती.

"ताई, तुम्हाला कुणी पाठवलं?"

तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. दवाखान्यातल्या देवानं, असं ती म्हणाली. मग अडखळत सगळं सांगितलं. मंचरचा दवाखाना, पांढऱ्या केसांची बाई, नवस. पास्टरने समजावलं की माणसाच्या पाया पडायचं नसतं, प्रभूला केस नकोत, बोकड नको, मन हवं. बोलता बोलता तो हेही बोलून गेला की जुन्नरच्या वाटेवर दगडी चर्च आहे तिथले लोक आता थंड झालेत, आणि मंचरला तर मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात, तिकडे जाऊ नका. जयाने त्यातलं हवं तेवढं उचललं. म्हणजे इथेही भाऊबंदकी होती. जसा वडजचा खंडोबा वेगळा आणि निमगावचा वेगळा, तसे हे तीन जागचे तीन येशू, आणि तिने नवस बोलताना ठिकाण विचारलेलं नव्हतं.

निघताना एका बाईने फोन नंबर मागितला. खोटा द्यावा असं मनात आलं, पण पोर कडेवर असताना देवाच्या दारात खोटं बोलायचं तिचं धाडस होईना. खरा नंबर सांगून ती अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली आणि स्टँडपर्यंत मागे न बघता चालत राहिली.

फोन त्याच आठवड्यात वाजू लागला. नंबर अनोळखी. जयाने तोडला. पुन्हा वाजला, पुन्हा तोडला. एकदा जेवणाच्या ताटावर वाजला तेव्हा कुणाचा गं, असं गोरखने विचारलं. कंपनीचा असेल, असं ती म्हणाली आणि तिने फोन पालथा घातला. ते लोक घरी येतील, ओट्यावर भगवंत बसलेला असेल, पास्टर हात जोडून विचारेल, लांब केसांच्या पोराची आई इथंच राहते का. हे चित्र भांडी घासताना, मशीनवर बसल्यावर, कधीही तिच्या डोळ्यांपुढे यायचं.

तरी दुसऱ्या रविवारी ती गेलीच. घरी मल्हारचा खोकला ऐकत बसणं त्याहून अवघड होतं.

दगडी चर्चच्या फाटकात कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं, आणि मोबाइल बंद आहे ना, असंही विचारलं. जयाला वाटलं, या देवाला फोनचा विटाळ होत असेल. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला, पायरीशी चपला काढल्या आणि आत गेली. आत गेल्यावर कळलं की सगळे पायातलं घालूनच बाकांवर बसलेत. पायरीशी तिच्याच चपला, निळ्या पट्ट्यांच्या, एकट्या पडल्या होत्या. आता उठून आणायला जावं तर सगळे बघणार. ती शेवटच्या बाकावर खांबाआड अंग चोरून बसली.

इथे कुणी थरथरत नव्हतं, रडत नव्हतं. पुस्तकातून बघून संथ गाणी चालली होती, मराठीच, भजनासारखी. समोर भिंत, भिंतीवर लाकडाचा क्रूस, आणि क्रूसावरही कुणी नाही. बघायचं कुणाकडे तेच तिला कळेना. मूर्तीचे डोळे असले की माणसाला निदान समजतं, हा आपल्याकडे बघतोय की नाही. इथली रिकामी भिंत सगळीकडूनच बघते आहे असं तिला वाटू लागलं आणि तिने मल्हारचं डोकं पदराखाली घेतलं.

मग पाळकांनी गोष्ट सांगायला घेतली. फार पूर्वी एका बाईला मूल होत नव्हतं. तिने देवाला नवस केला, मुलगा दे, तो तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार नाही. मुलगा झाला. दूध तुटल्यावर त्या बाईने त्याला देवळात नेलं आणि तिथेच ठेवून ती घरी परत गेली. पाळक हे कौतुकाने सांगत होते. बाकांवरच्या बाया माना हलवत होत्या.

 जयाने दवाखान्यातले आपले शब्द आठवायचा प्रयत्न केला. याचं जावळ देईन म्हणाले की याला देईन म्हणाले? तिला जावळच आठवत होतं, पण त्या दिवशी तिला स्वतःचं नावही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि केस तर वाढलेच होते. वस्तरा तर लागलाच नव्हता. आपण टाळत गेलो असं ती समजत होती. त्याने मागून टाळायला लावलं असेल तर? मल्हार तिच्या मांडीवर बाकाच्या कडेला बोट घासत बसला होता, आणि तिने त्याला एवढं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

प्रार्थना संपल्यावर ती दारापर्यंत आली आणि तिथेच थिजली. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी गोरखचा पिकअप उभा होता. मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट, आणि बाजूला ग्लास हातात घेऊन गोरख स्वतः. तोंड नेमकं फाटकाकडे. तिच्या चपला पायरीवर उन्हात चमकत होत्या, आणि त्या त्यानेच दिवाळीला आणलेल्या होत्या. ती मागे सरकली, भिंतीला पाठ लावली आणि मल्हारच्या तोंडावर हात ठेवला. लोक एकेक करून निघून गेले. कोटवाले म्हातारे कुलूप घेऊन आले, बाई आता बंद करायचं आहे, म्हणाले. तिने नुसती मान हलवली. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग कुलूप खिशात घालून बाकावर बसले आणि त्यांनीही फाटकाकडे नजर लावली. दोघंही एकाच दिशेला बघत होते आणि दोघंही घाबरलेले होते, पण जयाला तेव्हा फक्त आपलीच धडधड ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

गोरख त्या दिवशी घरी आल्यावर काहीच बोलला नाही. त्याने पाहिलं की नाही, हे न कळणं मारापेक्षा वाईट होतं.

शेवटच्या रविवारी जयाने पिशवीत कापडाची कात्री घातली. काय करायचं ते ठरलं होतं. मंचरच्या देवाच्या दारात एक बट कापायची, तिथेच ठेवायची आणि निघून यायचं. त्याचं असेल तर त्याला पोचेल. खंडोबाला उष्टं जावळ जाईल, त्याचा कोप झाला तर तो आपल्यावर घ्यायचा, पोरावर नको. हे तिने देव्हाऱ्यापुढे उभं राहून मनात सांगितलंही होतं. कुशाबाई मागून म्हणाल्या, "जया, पोराला टोपी घाल, वारं हाय." जया दचकून भिंतीवर आदळली.

मंचरच्या चर्चमध्ये पाऊल टाकताच तिला पहिल्यांदा देवळात आल्यासारखं वाटलं. मूर्ती होत्या. निळ्या पदराची आई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. धूप होता, मेणबत्त्या होत्या, मधेच घंटी किणकिणली आणि सगळे गुडघ्यांवर बसले तशी तीही बसली. त्या आईच्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, तुझ्याच लेकाला बोलले होते का? आईचे डोळे लेकराकडे होते. मग लोक उठून रांगेने पुढे जाऊ लागले, आणि पुढे उभे असलेले फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पांढरं ठेवू लागले. प्रसाद. जयाला वाट सापडली. प्रसाद घ्यायला सगळ्यांबरोबर पुढे जाता येईल, तिथेच वाकून काम उरकता येईल. प्रसाद नाकारायचा नसतो, एवढं तर तिला जन्मापासून ठाऊक होतं. ती मल्हारला घेऊन उठली आणि पिशवीत हात घालून कात्री चाचपली.

मागून कुणीतरी तिचा पदर गच्च धरला.

"बस खाली," कानाशी आवाज आला. "ते तुज्यासाठी न्हाई. माज्यासाठीबी न्हाई. बस."

 जया बाकावर कोसळल्यासारखी बसली. मागे वळून बघायचा धीर होईना. पदर तसाच कुणाच्या तरी मुठीत होता. शेवटी मल्हारने खांद्यावरून मागे बघितलं आणि तो हसला, तेव्हा तिने मान वळवली. केस अधिकच पांढरे झाले होते, बाई वाळली होती, पण चेहरा तोच, दवाखान्यातला.

बाहेर कुंपणाच्या सावलीत दगडावर त्या दोघी बसल्या. बाईचं नाव कृपाबाई. तिने आधी सांगितलं की फोन तीच करत होती. शेडमधल्या बाईने तिला नंबर दिला होता. जया तोडत राहिली म्हणून ती इथे येऊन बसली. दोन ठिकाणं झाली, आता हेच उरलं, हे तिने ओळखलं. ती स्वतः दगडी चर्चची, इथे तीही बाहेरचीच; तो पांढरा प्रसाद फक्त इथल्या पंथाच्या माणसांना देतात. पण लेक मंचरला असते आणि रविवारी ती लेकीकडे येते.

"तू आमास्नी लई भ्या दाखवलंस बाई," कृपाबाई म्हणाली.

जया बघतच राहिली. मी? मी भ्या दाखवलं?

मग कृपाबाईने सांगितलं. एक अनोळखी बाई येते, पोराला घेऊन येते, नाव सांगत नाही, पाया पडते, काहीतरी कबूल करून घ्यायला बघते, दारात उभी राहून रस्त्यावर कुणाला तरी बघते, हलतच नाही. तिन्ही ठिकाणी फोन फिरले होते. कुणीतरी पाठवली असणार, मागून माणसं येणार, मोबाइलवर चित्रं काढणार, आणि मग पोलीस, दगड, पेपर. शटर म्हणून ओढलं होतं. कोटवाले म्हातारे तर त्या पिकअपमधली माणसं आत शिरायची वाट बघत बसले होते. "मी म्हनलं, थांबा. तिचं पोरगं लांब केसांचं हाय ना? मंचरच्या दवाखान्याचं सांगत व्हती ना? ती बाई मला म्हाईत हाय. तिला कुणी न्हाई पाठवलं."

 इतके दिवस जया आपण एकटीच घाबरलो आहोत असं समजून चालली होती. घाईघाईने तिने जे विचारायचं ते विचारून घेतलं. तुमचा त्या दिवशीचा येशू कुठला? कुठल्या जागेचा? याचं जावळ त्याला बोलले आहे, पोराला पुन्हा ताप येतो, आज शेवटचा दिवस आहे, त्याचं त्याला देऊन टाकू द्या. आणि तिने पिशवीतून कात्री काढून पुढे धरली.

कात्री बघताच कृपाबाईचा चेहरा उतरला. तिने फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि कात्री जयाच्या पदराखाली ढकलली. तुझ्या पोराचे केस आम्ही चर्चच्या दारात कापले असं उद्या कुणी म्हटलं तर आमचं काय होईल, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. मग येशूचं सांगितलं. तो एकच आहे. तीन जागी भांडतो ते आम्ही, तो नाही.

"मंग त्याला काय देऊ?" जया रडकुंडीला आली होती. "काय घेतो तो?"

 कृपाबाईने मल्हारची टोपी काढली, त्याला गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"माजा नातू त्याच दिशी गेला," ती म्हणाली. "तुजं पोर दुसऱ्या खोलीत नेलं ना, त्याच्या मागनं. मी दोघांसाठी एकच मागणं मागितलं व्हतं. येका दमात. तुजं ऐकलं, माजं न्हाई. मी कायबी बोलले नव्हते द्यायचं, आन तू बोलली व्हतीस, म्हनून तुजं राहिलं का, आसा शेडमदल्या बाईकडनं तुजा नवस कळला तवापून मी इचार करत व्हते. लेक तर त्या दिसापून चर्चची पायरी चढत न्हाई. त्यो काय घेतो म्हनतीस? मला ठावं आसतं तर मी न्हाई का दिलं आसतं?"

 नवस फेडला नाही तर देव कोपतो, या भीतीत जया अडीच वर्षं जगली होती, आणि त्या भीतीला निदान एक दार होतं. फेडलं की सुटलं. आता दारच नव्हतं. दोन खाटा, एक मागणं, आणि एक पोर राहिलं, एक गेलं, आणि ते कुणाच्या बोलण्याने झालं नव्हतं. मल्हार त्या दुसऱ्या खाटेवर असता तर? ही एवढी मोठी भीती घेऊन घरी कसं जायचं, हे तिला समजेना. तिने कृपाबाईचा हात धरला, आणि मला ठाऊक नव्हतं, मी विचारलंच नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कृपाबाई म्हणाली, कुणी इचारत न्हाई गं.

मग त्या म्हातारीने आपल्या पिशवीतून एक लहान फणी काढली. मल्हारचे केस जीपच्या वाऱ्याने गुंतले होते. तिने एकेक बट सोडवत सावकाश विंचरली, तो ओरडला की थांबली, पुन्हा विंचरली. जयाने तिला घाई केली नाही. उशीर होत होता, घरी काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं, तरी ती गप्प बसून राहिली. त्या नातवाचे केस आता एवढेच लांब असते किंवा कधीच कापून झाले असते, हे तिच्या मनात आलं आणि तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

विंचरून झाल्यावर फणीत थोडे केस अडकले होते. बायका गुंतवळ काढतात तसे कृपाबाईने ते काढले, बोटाला गुंडाळून त्यांचं लहानसं वेटोळं केलं. गुंतवळ आपण थुंकून टाकून देतो. तिने टाकली नाही. इकडेतिकडे बघून चोळीत सरकवली आणि मल्हारच्या डोक्यावर टोपी घातली.

"कात्री न्हाई लागली," ती म्हणाली. "आपसूक निघालेत. आता जा."

ठरल्या रविवारी वडजला मल्हार भरतमामाच्या मांडीवर बसला, पहिला वस्तरा लागताच त्याने आकांत मांडला, भंडारा उधळला गेला, कुशाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोरखने वस्तऱ्याखालचे केस ओंजळीत झेलताना एकदा जयाकडे पाहिलं.

"चपला पायरीवर काढू नगं," एवढंच तो हलकेच म्हणाला, आणि पुढे कधीही त्याने तो विषय काढला नाही. जया गारठून उभी राहिली. त्याला माहीत होतं, आणि तोही घाबरूनच गप्प होता.

आता दर रविवारी दुपारी जयाचा फोन वाजतो. पोरगं बरं हाय ना, एवढंच कृपाबाई विचारते. बरं हाय, असं जया सांगते, आणि दोघी फोन ठेवतात. पूर्वी तो फोन वाजला की जया तोडायची. आता एखाद्या रविवारी तो वाजायला उशीर झाला की ती मशीन थांबवते, उठते, अंगणात खेळणाऱ्या मल्हारच्या नवे केस फुटू लागलेल्या डोक्यावर हात ठेवून उभी राहते आणि फोनकडे बघत राहते.